पन्ह्याचे माप

चैत्रातील दुपार. अंगण तापून पांढरे पडले आहे, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि अशा वेळी दाराची कडी वाजते. दारात उभा राहिलेला माणूस नातलग असो, टपालवाला असो, की पत्ता विचारायला आलेला कोणी परका असो. त्याचा घामेजलेला चेहरा पाहून घरातली गृहिणी आधी पाण्याचा तांब्या पुढे करते. तो चार घोट पिऊन टेकतो न टेकतो तोच आतून पळीचा आवाज ऐकू येतो, वेलदोड्याचा वास बाहेरच्या खोलीपर्यंत येतो, आणि पाठोपाठ पन्ह्याचा पेला समोर येतो. पहिल्या घोटाला पाहुण्याचे डोळे नकळत मिटतात. मराठी घरातील उन्हाळ्याचे स्वागत इतके साधे आहे.

या पेल्यात असते तरी काय? कैरी, गूळ, मीठ, पाणी आणि चवीपुरता वेलदोडा. पाचही वस्तू घरोघर असतात. तरीही एका घरचे पन्हे दुसऱ्या घरी होत नाही. एखाद्या जुन्या गृहिणीला त्याचे माप विचारावे, तर ‘अंदाजाने’ एवढेच उत्तर मिळते. हा अंदाज कैरीच्या आंबटपणाचा असतो हे खरे. पण त्याहूनही अधिक तो पिणाऱ्याचा असतो. उन्हातून चालत आलेल्याच्या पेल्यात मीठ किंचित जास्त पडते. मधुमेह असलेल्या आजोबांच्या पेल्यात गूळ हात आखडून घातला जातो. मुलांचे पन्हे पातळ, तर चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचे घट्ट आणि केशराची काडी घातलेले. घरगुती पेयाचे खरे माप वाटी-चमच्यावर कोरलेले नसते. ते पिणाऱ्याच्या चेहऱ्यावर वाचावे लागते. फळांच्या थंड पेयांचा विचार या एका गोष्टीपासून सुरू केला, तर त्यातील पुष्कळशा गोष्टींचा उलगडा आपोआप होतो.

‘पन्हे’ हा शब्द संस्कृतातील ‘पानक’ या शब्दापासून आला. सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथात कैरी, चिंच आणि लिंबू यांच्या पानकांना अन्नवर्गात स्थान दिलेले आहे. पण पानकाचा सर्वांत मोठा मान वैद्यांनी नव्हे, साहित्यशास्त्रकारांनी केला. काव्यातील रसाचा अनुभव कसा असतो, हे सांगताना मम्मटासारख्या आचार्याला पानकरसाचा दृष्टान्त सुचला. पानकात गूळ असतो, आंबट फळ असते, मिरी-वेलदोड्यासारखे मसाले असतात. परंतु ओठाला लागते ती चव यांपैकी एकट्या कोणाचीही नसते. सारे घटक आपले वेगळेपण विसरून एका निराळ्याच रुचीत मिसळून गेलेले असतात. आपल्या स्वयंपाकघरातील माठाशेजारची ही वस्तू काव्यचर्चेत जाऊन बसली, ती काही उगाच नव्हे. ‘सरबत’ हा शब्द मात्र दुसऱ्या वाटेने आला. पिणे या अर्थाच्या अरबी धातूपासून तो निघाला आणि फारसीच्या मार्गाने आपल्या भाषांत स्थिरावला. शब्द दोन दिशांनी आले. पेला मात्र एकच राहिला.

हा पेला भारतभर किती रूपांनी फिरतो, हे पाहण्याजोगे आहे. नोकरीनिमित्त कटकेला किंवा भुवनेश्वरला राहणाऱ्या मराठी कुटुंबाला एप्रिलच्या मध्यास तेथे एक सणच भेटतो. ओडिशात मेषसंक्रांतीला ‘पणा संक्रांती’ म्हणतात. त्या दिवशी पिकलेल्या बेलफळाचा गर पाण्यात कालवून त्यात गूळ, केळे, खोबरे, ताजा छेना आणि मिऱ्यांची पूड घालतात आणि ते पेय देवापुढे ठेवून शेजाऱ्यापाजाऱ्यांना देतात. त्याच दिवशी अंगणातील तुळशीवर तळाला बारीक छिद्र पाडलेले मडके टांगतात. थेंबथेंब पाणी वैशाखभर तुळशीवर पडत राहते. माणसासाठी पणा आणि झाडासाठी मडके. उन्हाळ्याचा विचार दोघांसाठी एकदमच केलेला असतो. दक्षिणेकडे रामनवमीला गूळ, सुंठ आणि वेलदोडा यांचे ‘पानकम्’ वाटतात. त्यात फळ नसले तरी नाव तेच, आणि सोबतीला पातळ ताक. बंगालात कैरी निखाऱ्यावर भाजून तिच्या गराचे सरबत करतात. त्याला येणारा धुराचा मंद वास उकडलेल्या कैरीला कधीच येत नाही. उत्तर भारतात त्याच कैरीच्या पन्ह्यात भाजलेले जिरे, पुदिना आणि काळे मीठ पडते. तिकडेच मे-जूनच्या सुमारास फालशाची जांभळट, चिमुकली फळे बाजारात दिसतात. ती एक-दोन दिवसांपलीकडे टिकत नाहीत, म्हणून त्यांचे सरबत करण्याची घाई असते.

कोकणात आणि गोव्यात हा मान रातांब्याचा आहे. गोवेकर त्याला भिरंड म्हणतात. पश्चिम घाटाच्या पायथ्याशी वाढणाऱ्या या झाडाला उन्हाळ्याच्या शेवटी लालजांभळी फळे धरतात, आणि मग पाऊस आणि गृहिणी यांची शर्यत सुरू होते. पावसाच्या सरी आल्या की फळ हातचे जाते. त्याआधी रातांबे फोडायचे, बिया काढायच्या, सालींच्या वाट्या साखरेने भरायच्या आणि चिनी मातीच्या बरणीत थरावर थर लावून ती बरणी काही दिवस उन्हात ठेवायची. साखर सालींतील पाणी ओढून घेते आणि बरणीत माणकाच्या रंगाचा पाक जमू लागतो. तेच अमृतकोकम. साखरेचे प्रमाण भरपूर असल्यामुळे तो पाक वर्षभर टिकतो. साखरेऐवजी मीठ घातले की त्याच फळाचे आगळ होते आणि नारळाच्या दुधाबरोबर ते सोलकढीत जाते. सुकवलेल्या सालीचे आमसूल होते, बियांचे तेलही निघते. ज्याचे काही वाया जात नाही, असे फळ घराला परवडते.

इतक्या निरनिराळ्या प्रदेशांत, एकमेकांना न विचारता, माणसांनी गोड, आंबट आणि खारट यांचा मेळ पाण्यात का घातला असावा? या प्रश्नाचे एक उत्तर घामात आहे. कडक उन्हात कष्टाचे काम करणाऱ्या माणसाच्या अंगातून तासाभरात लिटरभर घाम जाऊ शकतो. घामाबरोबर मीठही जाते. नुसते पाणी पीत राहिल्याने तहान भागल्यासारखी वाटते. पण गेलेले मीठ परत येत नाही. आंबट चव तोंडाला पाणी आणते आणि उन्हाने मंदावलेली पिण्याची इच्छा जागी करते. आणि गोडाचे काय? त्याचे मर्म विज्ञानाला विसाव्या शतकात उमगले. १९६० साली रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने असे मांडले, की आतड्याच्या आवरणातून ग्लुकोज आणि मिठातील सोडियम हे जोडीने आत शिरतात. ही जोडी आत गेली की पाणीही तिच्यामागोमाग जाते.

या शोधाची सर्वांत कठीण परीक्षा भारताच्या भूमीवर झाली. १९७१ साली बांगलादेशाच्या मुक्तियुद्धाच्या काळात लाखो निर्वासित सीमा ओलांडून पश्चिम बंगालात आले. बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून द्यायचे सलाइन अपुरे पडू लागले, तेव्हा डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा यांचे मिश्रण पाण्यात विरघळवून रोग्यांना तोंडाने पाजण्याचा निर्णय घेतला. शेजारी बसलेले नातलगच पेल्यापेल्याने ते पाजत राहिले, आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. महालनबीस २०२२ साली निवर्तले. २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. रोग्याच्या उशाशी बसून घोटघोट पाजणारा हात हा त्या उपचाराचा अर्धा भाग होता, हे विसरता येणार नाही.

मात्र येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. पन्हे म्हणजे जलसंजीवनी नव्हे. जुलाब-वांतीच्या वेळी घरी द्यावयाच्या द्रावणाचे माप ठरलेले आहे: एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. पन्ह्यात याहून कितीतरी अधिक गोड असते, आणि अतिगोड पेयाने जुलाब उलट वाढतात. तेथे अंदाज चालत नाही. मापच पाळावे लागते. तसेच उष्माघाताने ज्याचे अंग भाजल्यासारखे तापले आहे, जो असंबद्ध बोलतो आहे किंवा ज्याची शुद्ध हरपली आहे, त्याच्या तोंडात पन्हे ओतणे हा धोकाच आहे. त्याला सावलीत न्यावे, अंगावर पाणी घालून वारा घालावा आणि तातडीने रुग्णालयात पोचवावे. पन्ह्याचे काम त्याच्या आधीचे आहे. माणसावर ती वेळ येऊ नये, एवढ्यासाठी ते असते.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळावे. पन्ह्यासाठी करकरीत, आंबट कैऱ्या उकडून त्यांचा गर काढावा. गर गरम असतानाच त्यात दीडपट ते दुप्पट गूळ किंवा साखर, थोडे मीठ आणि वेलदोड्याची पूड घालून तो चाळणीतून गाळून घ्यावा. हा गर बरणीत भरून थंड जागी ठेवावा आणि आयत्या वेळी दोन-तीन चमचे पेलाभर पाण्यात कालवावा. मीठ-गुळाचा शेवटचा हात पेल्यात फिरवायचा असल्यामुळे मूळ गर थोडा कमीच गोड ठेवणे शहाणपणाचे. कैरी न उकडता किसून, पिळून केलेले पन्हे तितके टिकत नाही. परंतु शिजवताना क जीवनसत्त्वाचा जो अंश नाहीसा होतो, तो त्यात शाबूत राहतो. बेलफळाचा गर पाण्यात भिजवून हातानेच कुस्करावा. मिक्सरच्या पात्यांनी त्याच्या बिया फुटतात आणि सारे पेय कडवट होते. लिंबाचे आणि मोसंबीचे सरबत पिण्याच्या वेळीच करावे. रस काढून ठेवला की काही वेळाने त्यात कडूपणा उतरतो.

अलीकडे शहरांत ‘स्मूदी’ या नावाने एक दाट पेय लोकप्रिय झाले आहे. फळ न गाळता, संपूर्ण गरासह, दह्यात किंवा दुधात मिक्सरमधून फिरवायचे, हे त्याचे तत्त्व. नाव नवे असले तरी केळ्याची शिकरण आणि दूध घातलेला आमरस ज्या घरांनी पिढ्यान् पिढ्या खाल्ला, त्यांना या पेयाची ओळख करून देण्याची गरज नाही. याचा एक गुण निर्विवाद आहे. गाळलेल्या रसात फळाचा चोथा मागे राहतो. येथे तो पोटात जातो आणि भूकही भागते. परंतु फळांचे स्वभाव ओळखल्याशिवाय हे पेय साधत नाही. कच्चे अननस दुधात फिरवून ठेवले, तर थोड्याच वेळात ते कडू होते. अननसात प्रथिने तोडणारे एक पाचक द्रव्य असते आणि ते दुधावर आपला प्रयोग सुरू करते. पपईचीही तीच तऱ्हा, विशेषतः ती अर्धकच्ची असली तर. अननसाचे तुकडे आधी साखरेत शिजवून घेतले, की ते द्रव्य निष्प्रभ होते आणि दूध सुखरूप राहते. आंबट फळाने दूध फाटते, म्हणून अशा फळांना दह्याची जोड बरी. सफरचंद आणि केळे चिरताच काळवंडू लागतात. त्यांवर लिंबाचे चार थेंब पिळले की रंग टिकतो. कलिंगडाला तर पाणी घालण्याचेही कारण नाही, कारण त्याच्या वजनाचा नऊ-दशांशाहून अधिक भाग पाणीच असतो. चिमूटभर मीठ आणि पुदिन्याची दोन पाने एवढ्यावर त्याचे काम भागते.

या सर्व पेयांना तीन शत्रू आहेत. पहिला शत्रू म्हणजे अस्वच्छ पाणी, आणि त्याचेच गोजिरवाणे रूप म्हणजे बर्फ. १८३३ साली अमेरिकेतील बोस्टनहून ‘टस्कनी’ नावाचे जहाज तळ्यातील बर्फ भरून कलकत्त्याला आले, तेव्हा लोकांना तो चमत्कार वाटला होता. मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर असा परदेशी बर्फ साठवण्यासाठी बांधलेली इमारत आजही उभी आहे. १८९७ साली स्वामी विवेकानंदांचा मुक्काम तेथे झाला आणि आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. त्या चमत्काराचा मोह अजून ओसरलेला नाही. पण पाणी गोठले म्हणून त्यातील रोगजंतू मरत नाहीत. ज्या पाण्याची खात्री नाही, त्याच्या बर्फाचीही खात्री नाही. उकळून गार केलेले माठातील पाणी हे त्याहून निर्धोक आणि घशालाही सुखद. दुसरा शत्रू म्हणजे भांडे. आंबट रस तांब्या-पितळेच्या भांड्यात राहिला की कळकतो आणि तो पोटाला बाधतो. जुन्या घरांत कल्हईचा आग्रह होता, तो याचसाठी. काच, चिनी माती किंवा स्टेनलेस स्टील यांना ही भीती नाही.

तिसरा शत्रू गोड बोलून घरात शिरतो, तो म्हणजे साखर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली असा सल्ला दिला, की दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी वरून घातलेल्या साखरेचा वाटा दहा टक्क्यांहून कमी असावा, आणि पाच टक्क्यांखाली आला तर अधिक चांगले. पाच टक्के म्हणजे प्रौढ माणसाला दिवसाकाठी सुमारे २५ ग्रॅम. गाळलेल्या फळरसातील गोडीही या हिशेबात धरलेली आहे. अख्ख्या फळातील मात्र नाही. मनसोक्त गोड केलेल्या सरबताचा एकच मोठा पेला हा सारा वाटा संपवू शकतो. गूळ घातला म्हणून ही गणना चुकत नाही. मधुमेह आणि रक्तदाब यांची नावे आता घरोघरी घेतली जातात, तेव्हा एकाला गूळ कमी, दुसऱ्याला मीठ कमी, हा भेद करणारी नजर स्वयंपाकघरात असणे ही चैन नसून गरज आहे.

बंद बाटलीला नेमके हेच जमत नाही. २०११ सालच्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे तयार फळपेयात फळाचा अंश किमान दहा टक्के असला तरी चालतो. लिंबाच्या पेयात पाच टक्केही पुरतात. पाणी घालून पूर्ववत केलेल्या रसांच्या वेष्टनांवर ‘शंभर टक्के फळांचा रस’ असा जो दावा छापला जाई, तो काढून टाकण्याचा आदेश अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२४ साली दिला. बाटली सोयीची आहे, प्रवासात ती उपयोगी पडते, हे नाकारण्याचे कारण नाही. पण तिचे माप कारखान्यात एकदाच ठरते. ती शेतमजुराला आणि मधुमेही वृद्धाला, धावून आलेल्या मुलाला आणि पंख्याखाली बसलेल्या कारकुनाला एकच पेला देते.

अंदाज हा शब्द म्हणूनच क्षुल्लक मानू नये. २०१० सालच्या मे महिन्यात अहमदाबादेत उष्णतेच्या लाटेने मृत्यूंचा आकडा नेहमीपेक्षा हजाराहून अधिक वाढवला. त्यातून धडा घेऊन त्या शहराने २०१३ साली उष्माविरोधी आराखडा आखला आणि पुढे इतर शहरांनी त्याचे अनुकरण केले. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण उन्हाळ्यासाठी ज्या सूचना देते, त्यांत लस्सी, तांदळाची पेज, लिंबाचे पाणी आणि ताक या घरगुती पेयांची नावे येतात. ज्याला घरात पंखा आणि माठ आहे, त्याला या सूचनांची निकड कमी. जो रस्ता खणतो, विटा वाहतो, हातगाडी ओढतो, त्याचे घर दुपारी त्याच्यापासून दूर असते. त्याच्या पेल्याचे माप कोणी करायचे?

जुन्या गावांनी या प्रश्नाला आपल्या परीने उत्तर दिले होते. चैत्र लागला की वाटेवर पाणपोई बसत असे, आणि अक्षय्य तृतीयेला पाण्याने भरलेला घट दान देण्यात पुण्य मानले जाई. पुण्याची कल्पना बदलली तरी ऊन बदललेले नाही. ते अधिकच कडक होत चालले आहे. समोर बांधकाम चालू असेल, तर दुपारी एक वाजता तेथे एक कळशी पन्हे पोचवणे कोणत्याही घराला फारसे जड नाही. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. ते पन्हे हळदीकुंकवाचे नसावे. त्यात केशर नसले तरी चालेल, गूळही बेताचाच असावा. मीठ मात्र उन्हात राबणाऱ्या माणसाच्या हिशेबाने घालावे. आणि पेला रिकामा झाला, की घरच्या पाहुण्याला विचारतात तसेच त्यालाही विचारावे, ‘आणखी थोडे घेणार ना?’